रोटोरुआची व्याहीभेट

मामा कुठलीही वस्तू आधी नाकाशी नेत. बियाण्याची पिशवी असो, फवारणीच्या औषधाची बाटली असो, नाहीतर टपरीवरचा चहा असो. डोळे अर्धवट मिटायचे, एक लांब श्वास घ्यायचे आणि मगच काय ते बोलायचे. कंपनीचा नवा माणूस दुकानात येऊन माहितीपत्रक उघडायला लागला की ते हात वर करून त्याला थांबवत. "आधी वास घेऊ द्या साहेब, मंग बोला."

घनसावंगीत बसस्टँडच्या रस्त्याला त्यांचं बी-बियाणं आणि औषधांचं दुकान होतं. मी बियाणं आणि औषधं बनवणाऱ्या एका कंपनीचा विक्री अधिकारी. पंधरा दिवसांतून एकदा माझी तिकडे फेरी असे. अशा दुकानात तुम्ही कधी पाच मिनिटं उभे राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथला वास डोक्यात जाऊन बसतो. मामा त्या वासात तीस वर्षं बसले होते आणि तरीही त्यांचं नाक शाबूत होतं. त्यांचे वडील मेंढरं राखायचे आणि अंधारात नुसत्या वासावरून आजारी मेंढरू बाजूला काढायचे, असं ते सांगत. नाक घराण्यातून आलं, एवढंच त्यांचं म्हणणं.

एकदा त्यांनी औषधाचा एक अख्खा खोका परत पाठवला होता. बाटली उघडून हुंगली आणि झाकण लावून टाकलं. मी लेबल दाखवलं, बॅच नंबर दाखवला. ते म्हणाले की कागद कोणीही छापतो, याला औषधाचा वास नाही, मी हे कास्तकाराला देणार नाही. तो खोका जालन्यातल्या आमच्या मोठ्या वितरकाकडून आला होता. त्या शेठने नंतर तो गुपचूप बदलून दिला, पण मामांवर कायमचा दात धरला. मी दोघांच्या मध्ये उभा राहून दोघांकडे बघून हसत होतो. तेच माझं काम होतं, आणि मी ते चांगलं करतो.

आमच्या धंद्यात विक्रीचं लक्ष्य गाठलेल्या दुकानदारांना परदेशात फिरवून आणायची पद्धत आहे. त्या वर्षी न्यूझीलंड होतं. चाळीस दुकानदार, त्यांत मामाही, तो शेठ, आम्ही दोन अधिकारी आणि सोबत स्वयंपाकाला एक महाराज. आपली माणसं टोळक्याने परदेशात गेली की कशी वागतात हे तुम्ही विमानतळावर पाहिलंच असेल. हॉटेलच्या पांढऱ्या बेसिनमध्ये गुटख्याच्या पिचकाऱ्या, लिफ्टमध्ये मोबाईलवर मोठ्याने गाणी, रस्त्यातल्या बायकांकडे टकमक बघणं आणि वर मराठीत त्यांच्याविषयी काहीबाही बोलणं. मला त्याची किळस यायची. रोज मी हसून साजरं करायचो.

रोटोरुआला बस थांबली आणि दार उघडताच तो वास आत शिरला. नासक्या अंड्यांचा, दाट वास. तिथे जमिनीतूनच वाफा निघतात. गरम पाण्याची कुंडं आहेत, आणि राखाडी चिखल पिठल्यासारखा रटरटत असतो. सगळ्यांनी रुमाल नाकाला लावले. मग कोणी पादलं यावरचे विनोद सुरू झाले ते अर्धा तास संपेचनात. शेठ नाक धरून ओकल्याचा आवाज काढत होता आणि बाकीचे पोट धरून हसत होते. मामा मात्र कठड्याजवळ उभे राहून छाती भरून श्वास घेत होते. त्यांच्या चेहऱ्यावर घरी आल्यासारखी खुशी होती.

"गंधक हे साहेब," ते म्हणाले. "बिलकुल आपल्या दुकानातलं. पिकावर भुरी पडली की मारतो न्हाई का आपण, तेच."

आमची वाटाडी एक माओरी बाई होती. साठीच्या आसपासची, हनुवटीवर गोंदण असलेली. तिचं घर तिथेच, त्या वाफांच्या वस्तीत होतं. मामांनी मला तिला विचारायला लावलं की हा वास कपड्यांत बसत नाही का. ती म्हणाली, बसतो, पण आम्हाला तो कळत नाही. बाहेरगावी गेलं की मात्र त्याच्यावाचून झोप लागत नाही. मामा खूप हसले. आपली बायको आपल्याला औषधाचे कपडे अंगणात काढल्याशिवाय घरात घेत नाही, हे त्यांनी मला तिला सांगायला लावलं. मग तीही हसली. त्या दोघांचं चांगलं जमलं.

संध्याकाळी तिच्या लोकांच्या सभागृहासमोर आमचं स्वागत व्हायचं होतं. तिने बसमध्ये रीत समजावून सांगितली आणि मी ती मराठीत सांगितली. पाहुण्यांमधला एक जण पुढारी म्हणून पुढे जाणार. समोरून भाला घेतलेला माणूस येणार, डोळे वटारणार, जीभ काढणार आणि जमिनीवर एक पान ठेवणार. पुढाऱ्याने त्याच्या डोळ्यांवरची नजर न काढता ते पान उचलायचं, म्हणजे आम्ही भांडायला आलो नाही असा त्याचा अर्थ. हसायचं नाही आणि नक्कलही करायची नाही. त्यानंतर घरचा वडीलधारा पुढे येणार, कपाळाला कपाळ आणि नाकाला नाक टेकवणार आणि दोघं एकमेकांचा श्वास घेणार. तिथून पुढे तुम्ही परके नाही.

पुढारी कोण, असं तिने विचारलं तेव्हा शेठने मामांचं नाव घेतलं. पांढरी टोपी, धोतर, इंग्रजी शून्य, म्हणजे तमाशा बरा होईल. बसमध्ये शिट्ट्या वाजल्या. मामांना ते कळलं नसेल असं मला तेव्हा वाटलं होतं. आता वाटतं, सगळं कळलं होतं.

त्यांनी मला रीत पुन्हा एकदा नीट सांगायला लावली. श्वासाचं ऐकल्यावर ते म्हणाले, "म्हंजे व्याहीभेटच की ही." आणि लगेच बसमधून उतरून त्यांनी खिशातली तंबाखूची पुडी कचऱ्याच्या डब्यात टाकली. नळावर जाऊन तीन वेळा चूळ भरली, बोटाने दात घासले, तोंड धुतलं. मी म्हटलं, मामा, एवढं काय. ते म्हणाले, "श्वास द्यायचा हे साहेब. तंबाखूचा कसा देऊ?"

भालेवाला आला. मामा जागचे हलले नाहीत. ते खाली वाकले तेव्हाही त्यांची नजर त्याच्या नजरेवर होती, आणि पान त्यांनी प्रसाद उचलावा तसं दोन्ही हातांनी उचललं. माझ्या अंगावर काटा आला हे मी कबूल करतो. पण तेवढ्यात मागून आवाज सुरू झाले. शेठ जीभ बाहेर काढून, डोळे फाडून माकडासारखा उड्या मारत होता. एक जण भालेवाल्याला उद्देशून "आला रे राक्षस" म्हणाला. दुसऱ्याने स्वागताला नाचणाऱ्या मुलींच्या घागऱ्यांविषयी असं काही म्हटलं की ते मी इथे लिहिणार नाही. चाळीस मोबाईल वर होते. त्यांतला एक माझा होता.

मग तो वडीलधारा पुढे आला. मोठ्या अंगाचा म्हातारा, सबंध चेहऱ्यावर गोंदण. त्याने मामांच्या खांद्यावर हात ठेवला, दोघांनी कपाळं टेकवली, नाकं टेकवली आणि डोळे मिटले. मागून कोणीतरी चुंबनाचा आवाज काढला. सगळे हसत सुटले. मीही हसलो. शेठ माझ्या शेजारीच उभा होता आणि माझ्या वर्षाच्या विक्रीतला मोठा वाटा त्याच्या गोदामातून जात होता. म्हाताऱ्याने डोळे उघडले आणि मामांच्या खांद्यावरून आमच्याकडे पाहिलं. त्याला भाषा येत नव्हती, पण हसणं कोणालाही कळतं.

जेवण जमिनीत पुरून शिजवलेलं होतं. आमच्या लोकांनी ताटं बोटाने दूर सारली, वासाने तोंडं वाकडी केली आणि महाराजांच्या पुऱ्यांचे डबे उघडले. मामा मांस खात नसत. त्यांनी आमच्या वाटाडीकडून रताळं मागून घेतलं आणि त्या म्हाताऱ्याच्या शेजारी बसून चवीने खाल्लं. त्या दोघांना एकमेकांचा एक शब्दही कळत नव्हता. निघताना मामांनी मला बोलावून त्याचं नाव आणि पत्ता कागदावर लिहून घ्यायला सांगितलं. लेकीचं लग्न ठरत होतं, पत्रिका पाठवायची होती. व्याह्याला पत्रिका नको का, असं ते म्हणाले.

बसमध्ये ते माझ्या बाजूला बसले. एवढंच म्हणाले, "ज्यानं दारात उभं केलं, त्याच्याच दारात असं करून राह्यले हे लोक." मी म्हटलं, जाऊ द्या मामा, पोरकटपणा आहे.

जाऊ दिलं मात्र मीच नाही. परतल्यावर कंपनीचा वार्षिक मेळावा जालन्यातल्या एका हॉटेलात झाला. सहलीची चित्रफीत बनवायचं काम माझ्याकडे होतं. शेठ आदल्या दिवशी ऑफिसात येऊन बसला आणि म्हणाला, तो नाकाचा भाग मोठा करा, मजा येईल. मी तो मोठा केला. खाली एक उडतं गाणं टाकलं. वर अक्षरं टाकली, ती काय होती ते सांगायची मला आज लाज वाटते. पडद्यावर दोन म्हाताऱ्यांचे मिटलेले डोळे आले आणि हॉल खदाखदा हसला. मी लॅपटॉपजवळ उभा होतो. मामा उठले, त्यांनी टोपी नीट केली आणि खुर्च्यांमधून वाट काढत निघून गेले.

आठवड्याने मी घनसावंगीला गेलो, तो त्यांच्या खरिपाच्या मागणीसाठी. शिव्या बसतील म्हणून तयारीने गेलो होतो. त्यांनी चहा मागवला. म्हणाले, "माझं हसू झालं, त्याचं काही न्हाई. मी तुमच्यातलाच हे. पण त्या माणसाचं कशाला करता? त्यानं मला आपला श्वास दिल्ता."

मग त्यांनी गल्ल्यातून तो पत्त्याचा कागद काढला. म्हणाले, तुम्हाला इंग्रजी येतं, त्याला माझ्या नावानं एक पत्र लिहा. आणि त्यांनी सांगितलं, मी वहीवर उतरवून घेतलं. आमची माणसं चुकली. पुढारी मी होतो, तेव्हा चूक माझी. तुमच्या घरात आम्हाला पुन्हा येऊ द्याल का, एवढं कळवा. मग लेकीची पत्रिका पाठवतो.

चार ओळींचं काम होतं. मी ते केलं नाही. आधी हंगामाची धावपळ होती. मग वाटलं, पत्र वाचून तिकडून कोणी कंपनीला विचारलं आणि चित्रफितीचं बाहेर आलं तर काय. मग शेठला कळलं तर काय. तोवर एका फेरीत मामांनी विचारलं आणि माझ्या तोंडून निघून गेलं की पाठवलं. पुढे ते सोपं झालं. प्रत्येक फेरीला ते गिऱ्हाईक बाजूला ठेवून विचारायचे, "उत्तर आल्तं का?" मी म्हणायचो, लांबून यायचंय मामा, येईल. त्या लोकांच्या पिचकाऱ्यांची मला किळस यायची ना, ती आता माझ्या स्वतःच्या तोंडाची यायला लागली. तरी मी थांबलो नाही.

लेकीचं लग्न झालं. व्याह्याची पत्रिका त्यांनी वेगळी काढून ठेवली होती. ती पाठवली नाही. उत्तर आल्याशिवाय कोणत्या तोंडाने बोलवायचं, असं ते म्हणाले. मी त्या लग्नात जेवलो. पहिल्या पंगतीला बसलो होतो.

पुढच्या पावसाळ्यात त्यांना दुकानातच छातीत दुखायला लागलं. जालन्याला हलवलं, चार दिवस दवाखान्यात होते. मी जायचं जायचं म्हणत राहिलो. मला त्यांचा प्रश्न ऐकायचा नव्हता. पाचव्या दिवशी सकाळी त्यांच्या पुतण्याचा फोन आला.

तेराव्याला गेलो. मामी ओसरीवर बायकांमध्ये बसल्या होत्या. मला पाहून त्या उठल्या आणि पुढे आल्या. मी सांत्वनाचं काही बोलणार होतो.

"साहेब, त्या परदेशच्या पत्राचं उत्तर आलं का?"

मी नाही म्हणालो.

"दवाखान्यात रोज तेच इचारून राह्यले होते," त्या म्हणाल्या. "शेवटच्या दिशी म्हनले, त्यो माणूस लई दुखावला आसंल. त्यानं आपल्याला माफ केलं न्हाई." त्यांनी पदराने डोळे टिपले आणि माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही पत्र तर बराबर लिहिल्तं ना, साहेब?"

मी हो म्हणालो. त्यांनी पुतण्याला हाक मारली, साहेबांना आधी वाढ म्हणून सांगितलं, आणि मी पाटावर बसून पोटभर जेवलो.