उतारावरची मागची दारं

गोवा नुकतंच राज्य झालं होतं आणि पणजीतल्या आमच्या ऑफिसात कामांची रीघ लागली होती. वसाहती, बाजार, बसस्थानकं, काय नि काय. सर मोठे आर्किटेक्ट, आणि मी कॉलेजचं तोंड न पाहिलेली, नकाशे ट्रेस करता करता शिकलेली. त्यामुळे मुळगावच्या वसाहतीतली, हलक्या उतारावर एकामागे एक चढणारी घरं त्यांनी एकट्या माझ्यावर सोपवली, तेव्हा मला किती आनंद झाला म्हणून सांगू.

मोजणीच्या दिवशी तिथला एक म्हातारा शेतकरी म्हणाला, "बाय, हांगच्यान राखणदाराची वाट वता. घरां बांद, पूण दारां समोरासमोर दवर."

मला ते ठाऊक होतं की. गावाची सीमा राखणाऱ्या देवाला जाता यावं म्हणून आमच्याकडच्या जुन्या घरांत पुढचं आणि मागचं दार एका रेषेत असतं. पण सरांना हे सांगितलं तर म्हणतील, शेवटी ही अडाणीच. काम जाईल. मी गप्प बसले आणि मागच्या भिंतींना खिडक्या काढल्या.

काही वर्षांनी तक्रार आली, लोकांनी भिंती फोडल्या म्हणून. सर म्हणाले, "कुठे कुठे फोडल्यात ते मांडून आण. बुजवायला लावू."

गेले. राहणारे बहुतेक सिंधुदुर्गातून खाणीवर आलेले. प्रत्येक घरात खिडकी सोडून मागच्या भिंतीत नवं दार. एका बाईला विचारलं, "शेजारणीचं बघून केलंत?"

"तिच्याशी माझा बोलणाच नाय," ती म्हणाली. "घोवाक सांगलंय, हयसर फोड. कित्याक, ता माकाच ठावक नाय."

मी सूत धरलं. खालपासून वरपर्यंत सगळी दारं एका रेषेत, बोटभर फरक नाही.

दुपार कलत होती. बाईने दोन दारांमधलं तांदूळ पाखडायचं सूप उचललं. "वायच भिंतीक लागान रव, बाय. वेळ झाली." रस्त्यावर बस आली की सांगतात ना, तसं.

सगळ्या घरांतली भांडी एकदम गप्प झाली. खालच्या घरात काठी टेकल्यासारखा आवाज आला. माझी पोलादी टेप उंबऱ्याबाहेर पसरलेली होती, ती उचलायची राहिली. ती मधोमध दाबल्यासारखी सपाट झाली आणि मग टणकन सुटली. काठी वरच्या घरात वाजली.

बाईने सूप परत खाली ठेवलं. "च्या ठेवू?"

ऑफिसात सर लाल पेन्सिल घेऊन वाट बघत होते. मी म्हटलं, "चूक लोकांची नाही, सर. दारं हवीत हे मला तेव्हाच सांगितलं होतं. काम जाईल म्हणून मी बोलले नाही."

त्यांनी लाल पेन्सिल खाली ठेवली. "आता काम गेलं, तर चालेल?"

"चालेल."

त्यांनी दारं मंजूर करून घेतली, आणि मला पुन्हा ट्रेसिंगवर बसवलं. निवृत्त होईपर्यंत मी तेच केलं.