बाबांचे नवे दात आणि आईचा खलबत्ता

मंडळी, आमच्या कॉलनीत सध्या जो तो इम्प्लांटच्या गोष्टी करतोय. आज बाबांचेही नवे दात पक्के बसले. दिलसुखनगरचे डॉक्टर म्हणाले, "अंकल, अब कुछ बी खाओ."

"फल्ली बी?" बाबांनी विचारलं.

"फल्ली क्या, बादाम खाओ!"

येताना गाड्यावरून फल्ली घेतली, म्हणजे गरम भाजलेले शेंगदाणे. घरी आल्यावर बाबांनी चार दाणे कडाकडा चावले. मी तर टाळ्याच वाजवल्या.

दात पडल्यापासून आई त्यांना रोज खलबत्त्यात दाणे आणि गूळ कुटून द्यायची. "आता तरी ते स्क्रूचे दात बसवा हो, माझे हात दुखतात," म्हणायची. बाबा टाळत राहिले. मागच्या वर्षी आई गेली.

थोड्या वेळानं स्वयंपाकघरातून ठकठक ऐकू आली. बाबा उरलेले दाणे गूळ घालून कुटत बसले होते.

"बाबा, आता चावता येतं की तुम्हाला!"

"येतं गं. पण चावून ती चव येत नाही."

मग त्यांनी वाटी माझ्यापुढे धरली. "बघ बरं, तिच्यासारखं झालंय का?"

नव्हतं झालं. मी "हो" म्हटलं.

तुम्ही काय म्हणाला असता?