रॅमच्या दातांवरचं कुंकू

लेकीनं आज वहीवर खोडरबर घासलं आणि त्या वासासरशी मला माझाच संताप आला.

केजला कॉम्प्युटरचं दुकान टाकलं, तेव्हा पहिला कॉम्प्युटर मी स्वतः जोडला होता. सुटे भाग टेबलावर मांडून चहाला गेलो, येऊन जोडणी केली, बटण दाबलं. पंखा फिरला, बीप वाजत राहिली, स्क्रीन मात्र काळीच. मुहूर्ताला जमलेली माणसं हसायला लागली. तासभर मी वायरी उपसल्या, सामान देणाऱ्याला शिव्या घातल्या. शेवटी रॅमची पट्टी काढली, तर तिच्या सोनेरी दातांवर कुंकू!

“आबा, ह्याला हात कावून लावला? अक्कल हाय का न्हाई?” मी सगळ्यांसमोर वडिलांवर ओरडलो.

ऊस तोडून घट्टे पडलेले हात आबांनी मागं घेतले. “तूच म्हनलास, सारं काम ह्या दातांवर चालतं. कोयत्याला बी आमी धारेलाच लावतो.”

मी खोडरबरानं दात खसाखसा घासले, पट्टी बसवली. कॉम्प्युटर सुरू झाला.

दसऱ्याला आबा पूजेचं ताट घेऊन दुकानाच्या दारातच थांबले.

“तूच लाव,” म्हणाले, “कुठं लावायचं ते मला कळत न्हाई.”