न वाचता केलेली सही

"बैठका काढ. दहा."

कॉलेजच्या ऑफिसात, टेबलांच्या मधोमध उभं करून मला असं सांगितलं. सांगणारे संस्थेचे सेक्रेटरी. माझा उजवा गुडघा सुजून टम्म झालेला, वर हळद-चुन्याचा लेप. कारकून माना वर करून बघत होते. दारात माझे वडील उभे, चपला हातात घेऊन.

मी काढल्या. एक. दोन. तीन. चौथीला खाली बसले ती उठताच येईना. टेबलाच्या कडेला हात लावून उठायला गेले, तर कारकून म्हणाला, "ए, टेबलाला हात नको."

का नको, ते तुम्हीच समजून घ्या. आमची वस्ती मोशीच्या खालच्या अंगाला, एवढं सांगते.

सेक्रेटरी खेळाच्या सरांकडे बघून हसले. "काय हो सर, तुमची घोडी लंगडी निघाली की!"

सर पण हसले. तेच सर, जे चार महिन्यांपूर्वी सायकल मारत आमच्या घरी आले होते.

ते पण सांगते. मी खो-खो खेळायची. पळायला लागले की हाताला लागत नसे कुणाच्या. चाकणच्या सामन्यात सरांनी मला बघितलं आणि मॅट्रिकचा निकाल लागायच्या आधीच घर गाठलं. म्हणाले, "पोरीची जागा आत्ताच पक्की करतो. फी माफ, हॉस्टेल माफ. फक्त शाळा सोडल्याचा अस्सल दाखला आणि ही एक सही." आईनं पाणी दिलं. "आत्ताच चहा झालाय," म्हणाले. पाण्याचा तांब्या तसाच राहिला. तेव्हाच ओळखायला पाहिजे होतं, पण आम्ही हरखलो होतो बाई.

आमच्याकडे वडलांना दादा म्हणायचे. दादा पिंपरीला एका कंपनीत हेल्पर. त्यांनी अंगठा दिला. मी सही केली. मी! अकरा वर्षं शाळेत गेलेली, वर्गात धडा खणखणीत वाचणारी. कागद समोर होता आणि मी वाचला नाही. मोठ्या माणसानं दिलेला कागद त्याच्यासमोर वाचायचा म्हणजे त्याच्यावर संशय घेतल्यासारखं. आम्हाला लाज वाटली वाचायची. त्या लाजेनं माझा घात केला.

निकाल लागला. चांगले मार्क पडले. अध्यापिका विद्यालयात सहज नंबर लागला असता, आणि मला मास्तरीणच व्हायचं होतं. पण अस्सल दाखला गेलेला. सर म्हणाले, "शिक्षिका नंतर हो, आधी सरावाला ये." गेले. त्यांच्याच मैदानात, त्यांच्याच सरावात, खांबावर वळताना गुडघा कट्‌कन वाजला. तीन आठवडे झाले, कुणी विचारायला आलं नाही. शेवटी आम्हीच गेलो, दाखला मागायला. अध्यापिका विद्यालयाचा अर्ज द्यायचा दुसरा दिवस शेवटचा होता.

आणि तिथं दहा बैठका, पाय खरंच गेलाय का बघायला.

दादा म्हणाले, "सायेब, पोरगी आता खेळायच्या कामाची न्हाई. तुमी न्हाई घेत तर न्हाई. दाखला तेवढा द्या. उद्याच्याला दुसरीकडं भरायचाय."

"दाखला मिळायचा नाही."

"मग तिला ठिवून तरी घ्या जी."

"फुकट? पाय मोडला, सवलत संपली."

मी विचारलं, "मग दाखला कशाला ठेवता?"

सेक्रेटरी शांतपणे बोलले. ते शब्द मी आजही जसेच्या तसे सांगू शकते. "उद्या पाय बरा झाला आणि तू दुसऱ्या कॉलेजकडून आमच्याविरुद्ध खेळलीस तर? आमच्याकडून खेळली नाहीस तरी चालेल. दुसऱ्याकडून खेळायचं नाही." मग दादांना म्हणाले, "तोवर हिला मैदान झाडायला पाठव. तुमच्या अंगवळणी पडलेलं काम आहे."

दादांनी हात जोडले. चपला खाली पडल्या. खाली वाकायला लागले ते.

तिथं माझं काहीतरी तुटलं. गुडघ्यापेक्षा मोठं. मी लंगडत गेले आणि त्यांचे जोडलेले हात दोन्ही हातांनी सोडवले. म्हटलं, "दादा, हात खाली."

मग वळले. "माझा सहीचा कागद दाखवा."

"कशाला?"

"वाचायचाय."

कारकुनानं सेक्रेटरींकडे बघितलं. ते म्हणाले, "दे रे. वाचू दे, काय दिवे लावते बघू."

मी टेबलाला हात टेकवूनच उभी राहिले आणि मोठ्यानं वाचला. वर्गात वाचायची तसा. 'संस्थेच्या परवानगीशिवाय दाखला परत मागणार नाही. दुखापत झाल्यास संस्था जबाबदार नाही. दुखापतीनंतर सवलत बंद.' खाली माझी सही. वळणदार अक्षर. शेजारी दादांचा अंगठा. वाचून होईपर्यंत एकही कारकून हसला नाही. एकानं तर मान खाली घातली.

कागद ठेवला. म्हटलं, "झाडायला मी येणार नाही. चला दादा."

दाखला तिथंच राहिला. दुसऱ्या दिवशीची तारीख गेली. वर्षानं दाखला पोस्टानं आला, तोवर मी चिंचवडला पॅकिंगच्या शिफ्टला लागले होते. मास्तरीण मी झाले नाही. गुडघा अजून वाकत नाही. यातलं काही भरून आलं नाही, आणि आलं असं मी म्हणणार पण नाही.

पण कंपनीत लागल्यापासून वस्तीतला कुठलाही कागद माझ्या हाताखालून गेल्याशिवाय सहीला गेला नाही. परवा शेजारच्या पोरीसाठी एक सर आले. पोरगी कबड्डी खेळते, बारावीचा निकाल लागायचाय. म्हणाले, "आजी, घाई आहे, जागा जाईल. सही आणि ओरिजिनल दाखला द्या फक्त."

पोरीची आई पेन उघडत होती. मी ते काढून घेतलं.

"बसा खाली," म्हटलं. "दाखला पेटीतच राहील. आणि हा कागद पोरगी वाचेल, मोठ्यानं, तुमच्या तोंडावर. तिचं वाचून होईपर्यंत उठायचं नाही."