तीन गाठींची बाटली

मायबापहो, रसायनाच्या प्रयोगशाळेत तीस वर्षे बाटल्या सांभाळणाऱ्या एका मदतनिसाची ही कथा. मुले त्यांना मामा म्हणत. सोडियम आणि पोटॅशियम, दोन्ही तापट धातू त्यांनी रॉकेलात बुडवून लेकरांसारखे जपले. रॉकेलाने चिठ्ठ्या पुसट होत. म्हणून मामा बाटलीच्या गळ्याला दोरा बांधीत आणि शेवटच्या इलेक्ट्रॉनच्या आत जितकी कवचे, तितक्या गाठी मारीत. सोडियमला दोन, पोटॅशियमला तीन. अलीकडे नजर अधू झाली होती. बोटांनी गाठी मोजून ते निभावून नेत. कोणाला कळले, तर प्रयोगशाळा सुटणार!

त्या सकाळी नव्या बाईंचा पहिला प्रयोग होता. "मामा, सोडियम द्या, लवकर!" घाईत मामांनी बाटली दिली, गाठी मोजल्याच नाहीत. मग कपाट लावताना उरलेल्या बाटलीवर बोट फिरले. एक गाठ. दोन गाठी. तिसरी? तिसरी नाहीच!

म्हणजे सोडियम इथेच राहिले आणि बाईंच्या हाती गेले पोटॅशियम, त्याहून तापट! बाई सोडियम समजून हरभऱ्याएवढा तुकडा पाण्यात सोडणार, वर वाकून पाहणार. बोलावे, तर आपले बिंग फुटते. न बोलावे, तर बाईंचे डोळे जातात. देवा, पायांना बळ दे! मामा धावले.

"आज मामांची गाडी सुसाट!" मागच्या बाकावरून आवाज आला.

चिमटा पाण्यावर आला होता. मामांनी बाईंचे मनगट धरले.

"थांबा! ते पोटॅशियम आहे."

"मग दिलंत कसं?"

"मला नीट दिसत नाही, बाई. गाठी मोजायच्या राहिल्या."

बाईंनी तुकडा रॉकेलात ठेवला. "कसल्या गाठी?"

"आतल्या कवचांच्या, एका कवचाला एक गाठ. केंद्रक शेवटच्या इलेक्ट्रॉनला ओढतं, पण आतल्या कवचांतले इलेक्ट्रॉन मध्ये उभे राहून ती ओढ अडवतात. पोटॅशियमात मध्ये तीन थर, त्यात शेवटचा इलेक्ट्रॉन लांबही. केंद्रक सोडियमहून जोरदार, तरी धाक पोचत नाही. पाणी दिसलं की तो निसटतो."

"म्हणजे आमचे मुख्याध्यापक! मागच्या बाकापर्यंत पोचतच नाहीत."

मागचा बाक पुन्हा बोलला. बाईंनी मोहरीएवढा कण कापला, समोर काच धरली. कण पाण्याला शिवताच फिकट जांभळी ज्योत भडकली, ठिणगी काचेवर आपटली. बाईंनी हरभऱ्याएवढ्या तुकड्याकडे पाहिले, बाटलीचे झाकण घट्ट लावले.

"मामा, उद्या डोळे तपासायला जायचं. मी येते सोबत."

"आणि प्रयोगशाळा?"

"आजपासून गाठी दोघांनी मोजायच्या. आधी तुम्ही, मग मी."

मामांनी दोरा चाचपला. एक, दोन, तीन. त्यांच्या बोटामागून बाईंचे बोट चालले होते.