घाटात शेजारी बसलेला मिस्त्री

युद्ध संपलं त्या वर्षी महाबळेश्वरहून निघताना आमच्या जुन्या व्हॅनचं ब्रेकचं पेडल सैल पडलं. मागे बायको आणि तान्ही मुलगी होती, पुढे सगळा घाट. नाक्यावरचा मिस्त्री नुकताच पलटणीतून परतलेला. दोन दिवस त्यानं पाठ टेकली नव्हती. तांबारलेल्या डोळ्यांनी त्यानं झिजलेली पिन काढली, नवी घासून बसवली आणि कितीतरी वेळ पेडल दाबून पाहिलं.

"घाटात धरेल ना?" मी पुन्हा पुन्हा विचारत होतो.

"आवं, मी बी येतो संगं, घाट उतरून मेढ्यापातूर. मंग तर झालं?" असं म्हणून तो शेजारी बसला.

पहिल्या वळणावर मी भीत भीत पेडल दाबलं. गाडी आवरली. मी त्याच्याकडे पाहिलं, तर तो गाढ झोपला होता. तेवढा धीर मला पुढे कुणाच्या शब्दांनीही दिला नाही.