सासरा, थंडगार

गिरधरभाऊंची फजिती सांगायला दुसरा माणूस लागत नाही. ते स्वतःच सांगतात, वर हात पुढे करून टाळी मागतात. फैजपुरात त्यांचा जिरा सोड्याचा छोटा कारखाना आहे आणि पंचवीस वर्षं बाटलीवर त्यांचाच फोटो होता. झुपकेदार मिशा, वटारलेले डोळे. फोटोग्राफरने 'हसा' म्हटलं की त्यांचा चेहरा तसाच होतो, त्याला ते तरी काय करणार!

संक्रांत झाली आणि धुळ्याचा डीलर हितेंद्र याचा फोन आला. "भाऊ, कोलावाल्यांनी कॅन्टीनला फुकट फ्रिज दिले. पोरांनी तोंडाने मागितल्याशिवाय तुमचा सोडा कोणी घेत नाही. उन्हाळ्याआधी जेन-झी हातात आले नाहीत, तर मी माल उचलणं बंद करतो."

निम्मा माल धुळ्याला जायचा. धुळं गेलं की कारखान्याला कुलूप! भाऊंना घाम फुटला. त्यांना एवढंच कळलं, की कोणी जैनजी म्हणून बडी आसामी आहे आणि ती आपल्या हातात नाही. दुसऱ्याच दिवशी क्रेट घेऊन ते जळगावच्या दाणाबाजारात ओळखीतल्या एका जैनजींच्या पेढीवर हजर! डाळीचे व्यापारी बिचारे. त्यांनी भाऊंना बसवलं, चहा पाजला आणि हात जोडून सांगितलं, "मला शुगर आहे."

घरी ऐकून मयुरी पोट धरून हसली. ही त्यांची लेक, गेल्याच वर्षी जळगावच्या कॉलेजातून पदवी घेऊन आलेली. "पप्पा, जेन-झी म्हणजे आम्ही! माझ्या वयाची पोरं."

"मंग तसं मराठीत सांगायले काय झालं होतं त्याले?"

पण एकदा कळल्यावर भाऊंच्या अंगातच आलं. पोरांना हा म्हातारा कशाला? फोटो उडवला, जांभळ्या अक्षरांत 'झी-फिझ' छापलं. पुष्पाबाईंनी बाटली उलटसुलट करून नवऱ्याला विचारलं, "हे प्यायचं, का मोरीत ओतायचं?" मयुरी मात्र फोटो गेल्यावर जरा जास्तच खूश दिसली. भाऊंना ते लागलं. पण धंद्यापुढे मिशांचं काय एवढं!

तिच्याच कॉलेजच्या गॅदरिंगला स्टॉल लावला. हितेंद्र मुद्दाम बघायला आला. भाऊ गॉगल आणि पोपटी टी-शर्ट घालून उभे. टी-शर्ट पोटावर इतका ताणलेला, की 'झी' एकीकडे आणि 'फिझ' दुसरीकडे. पोरं यायची, फुकटची बाटली हुंगायची आणि ठेवून द्यायची. अमळनेरकडचा एक जण म्हणाला, "काका, सासरा नही शे का?"

"कोणाचा सासरा?"

"सासरा हो! थंडा सासरा. पहिले कॅन्टीनमा भेटे ना!"

तिसऱ्यानेही तेच मागितलं, तेव्हा भाऊ हबकले. नवी कंपनी उतरली वाटतं बाजारात, आता मेलो! "मयुरी, हा सासरा कोणाचा माल?" मयुरी बाटल्या पुसायला लागली. शेवटी त्या अमळनेरकडच्या पोरानेच मोबाईल पुढे धरला. जुनी बाटली, तिच्यावर गिरधरभाऊ, आणि खाली कोणीतरी लिहिलेलं: 'पोरगी मागायला गेलं की अस्सा बघतो.'

भाऊ मटकन खुर्चीत बसले. "तुले माहीत होतं?"

"तीन वर्षं," मयुरी म्हणाली. "कॅन्टीनमध्ये सगळे 'एक सासरा दे' म्हणायचे आणि हसायचे. मीपण हसायचे. हे माझे वडील आहेत, असं एकालाही सांगितलं नाही, पप्पा. लाज वाटायची मला."

आपण पोरांच्या जगात चाललो या थाटात भाऊ टी-शर्ट घालून आले होते, आणि घरच्या पोरीनेच त्यांना ओळख दिली नव्हती. त्यांनी गॉगल काढून खिशात घातला. "गाडीत जुने दोन क्रेट आहेत," एवढंच म्हणाले. "देऊन टाक त्यायले."

मयुरी गाडीकडे गेलीच नाही. ती तडक स्टेजवर चढली आणि निवेदकाच्या हातून माइक घेतला. "ज्यांना तुम्ही सासरा म्हणता ना, ते माझे वडील आहेत. ते बघा, पोपटी टी-शर्टात!"

पोरांनी मांडव डोक्यावर घेतला. स्टॉलपुढे ही झुंबड! हितेंद्र गर्दीतून वाट काढत आला. "भाऊ, माल ठेवतो. पण तुमचा फोटो पाहिजे, आणि नाव 'सासरा'च छापायचं."

"अरे, जळगाव-धुळं दोन्ही जिल्ह्यांचा सासरा करतो का मले?" भाऊ म्हणाले, पण त्यांचं लक्ष त्याच्याकडे नव्हतंच. मयुरी स्टेजवरून उतरून येत होती.

"आता नाही वाटली का लाज?" त्यांनी विचारलं.

"वाटली ना. हे बघा, पाय अजून कापताहेत."

भाऊ उठले, तिला आपल्या खुर्चीत बसवलं आणि स्वतःच क्रेट आणायला गेले.